तीन मीटरची भिंत, सव्वीस मीटरचा दरवाजा

यहेज्केलाच्या ग्रंथातील 40व्या अध्यायाच्या आरंभीच तारीख नोंदलेली आहे: बंदिवासाचे 25वे वर्ष, यरुशलेम पडल्यानंतरचे 14वे, वर्षारंभ, महिन्याचा दहावा दिवस. यावरून इ.स.पू. 573 हे साल निश्चित होते. वर्षारंभ वसंतातला की शरदातला, हे मूळ पाठ सांगत नाही. बहुतेक अभ्यासक एप्रिल धरतात. बाबेलला नेलेल्या यहेज्केल या याजकाला त्या दिवशी एका मंदिराचे दर्शन झाले. यरुशलेमचे मंदिर तेव्हा भुईसपाट झालेले होते, आणि दर्शनातले मंदिर पुढेही त्या मापांनी कधी बांधले गेले नाही. मग मापे इतकी काटेकोर का दिली?

आधी काळ पाहू. यहूदी तेव्हा बाबेलच्या मुलखात होते, याला ग्रंथाबाहेरचा आधार आहे. बाबेलच्या मुलखातल्या ‘यहूदाचे गाव’ या नावाच्या वस्तीचे व्यवहार नोंदवणाऱ्या मातीच्या पाट्या सापडल्या आहेत. त्यांतली सर्वांत जुनी इ.स.पू. 572 ची, म्हणजे दर्शनानंतर साधारण वर्षभराने लिहिलेली. मात्र या पाट्या उत्खननातून नव्हे, पुराणवस्तूंच्या बाजारातून आल्या, हे लक्षात ठेवावे लागते.

आता मापे. एक बोरू म्हणजे सहा हात, आणि प्रत्येक हात नेहमीच्या हातापेक्षा चार अंगुळे मोठा. अंदाजे 52 सेंटिमीटर. बाहेरचा दरवाजा 50 हात लांब, 25 हात रुंद, दोन्ही बाजूंना तीन-तीन देवड्या. 1950 मध्ये कार्ल हॉवी यांनी मेगिद्दोच्या उत्खननातला सहा देवड्यांचा दरवाजा याच्याशेजारी ठेवून पाहिला. रचना जुळते. हासोर आणि गेजेर येथेही असेच दरवाजे निघाले. ते शलमोनाच्या काळचे की नंतरचे, हा वाद मिटलेला नाही. पण ते नगराच्या तटाचे दरवाजे आहेत, याबद्दल शंका नाही. यहेज्केलाने असा दरवाजा यरुशलेमात पाहिला असेल, हा मात्र केवळ तर्क.

तटाला शोभणारा हा दरवाजा सुमारे 26 मीटर लांबीचा आहे. त्याच्या दोन्ही बाजूंची भिंत 40:5 प्रमाणे एक बोरू उंच, म्हणजे जेमतेम तीन मीटर! ही भिंत शत्रूला अडवण्यासाठी नाही. मग कशासाठी? उत्तर 42:20 मध्ये सरळ दिलेले आहे: पवित्र आणि सामान्य यांच्यात अंतर राखण्यासाठी.

आवाराच्या मापात एक पेच आहे. हिब्रू पाठात एक बाजू 500 बोरू, म्हणजे दीड किलोमीटरहून अधिक. ग्रीक भाषांतरात काही ठिकाणी 500 हात. वाचकाने स्वतः बेरीज करावी. पूर्वेकडून पश्चिमेकडे बाहेरचा दरवाजा 50, अंगण 100, आतला दरवाजा 50, आतले अंगण 100, मंदिर 100, मागची जागा इमारतीसह 100. एकूण 500 हात. माझ्या मते ग्रीक पाठ येथे अधिक विश्वसनीय आहे.

दुसरा पेच उंचीचा. शलमोनाच्या मंदिराची उंची 1 राजे 6:2 मध्ये 30 हात दिली आहे. यहेज्केलाच्या मंदिराच्या मुख्य इमारतीची उंची कुठेच नाही. एवढ्यावरून गवंड्याला काम सुरू करता येणार नाही. निर्गम 25:8 मध्ये पवित्रस्थान बांधण्याची स्पष्ट आज्ञा आहे. या अध्यायांत मंदिर उभारण्याची तशी आज्ञा नाही. 43:10 मध्ये हेतू वेगळाच सांगितला आहे: इस्राएलाने नकाशा मापून पाहावा आणि आपल्या अधर्माची लाज बाळगावी.

लाज कशाची, तेही त्याच अध्यायात, 43:8 मध्ये आहे. राजांनी आपला उंबरठा परमेश्वराच्या उंबरठ्याला भिडवला होता. मध्ये होती फक्त एक भिंत. शलमोनाचा राजवाडा मंदिराला लागून असल्याचे 1 राजे 7 वरून दिसते, म्हणजे तक्रार खऱ्या वास्तूबद्दल आहे. 10व्या व 11व्या अध्यायांत परमेश्वराचे तेज ज्या पूर्वेकडे निघून गेले, तिकडूनच ते 43व्या अध्यायात परतते, आणि 44:2 मध्ये तो पूर्वदरवाजा कायमचा बंद होतो. इस्राएलाच्या अधिपतीलाही त्यातून जाता येत नाही. त्याला फक्त आत बसून जेवायची मुभा आहे.

या दर्शनाकडे भावी इमारतीचा आराखडा म्हणून पाहणाऱ्यांनी 42:20, 43:8 आणि 44:2 ही तीन वचने एकत्र ठेवून वाचावीत. माझा निष्कर्ष असा की हा नकाशा राजसत्तेला देवाच्या उंबरठ्यापासून दूर ठेवण्यासाठी काढलेला आहे.