वऱ्हाडातील मेथडिस्ट चर्च
वऱ्हाडातील मेथडिस्ट चर्च : ख्रिस्ती धर्माच्या प्रॉटेस्टंट शाखेतील मेथडिस्ट पंथाचे वऱ्हाड प्रांतातील कार्य. या कार्याचा आरंभ अचलपूर (पूर्वीचे एलिचपूर) येथे झाला. तथापि त्याची स्थायी वाढ यवतमाळ परिसरात झाली.

मेथडिस्ट पंथाचा उगम अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये झाला. जॉन वेस्ली (१७०३–९१) या अँग्लिकन धर्मोपदेशकाच्या चळवळीतून तो निर्माण झाला. शिस्तबद्ध धर्माचरण, लहान गटांतील सामुदायिक प्रार्थना आणि उघड्यावरील प्रवचने ही त्याची प्रारंभीची लक्षणे होत. अमेरिकन मेथडिस्टांच्या भारतातील कार्यास विल्यम बटलर यांनी १८५६ मध्ये बरेली येथे प्रारंभ केला. महाराष्ट्रात या पंथाचा प्रवेश विल्यम टेलर यांच्याबरोबर झाला. नोव्हेंबर १८७१ मध्ये ते मुंबईस आले आणि त्यांच्या प्रवचनांतून तेथे घरोघरी भरणाऱ्या प्रार्थनावर्गांचे जाळे उभे राहिले. परदेशी निधीवर विसंबून न राहता स्थानिक मंडळीनेच आपल्या धर्मगुरूचा खर्च सोसावा, असा टेलर यांचा आग्रह होता. १८४८ पासून मुंबईत राहणारे आणि मिशनचे वेतन नाकारून अत्यंत साधेपणाने जगणारे जॉर्ज बोएन त्यांना येऊन मिळाले. १८७२ मध्ये अमेरिकेहून डॅन्येल फॉक्स, विल्यम रॉबिन्स आणि ॲल्बर्ट नॉर्टन हे तरुण उपदेशक त्यांच्या साहाय्यास आले.

यांपैकी नॉर्टन शहरी मंडळीत फार काळ रमले नाहीत. लवकरच ते अचलपूर येथे गेले आणि गाविलगडच्या डोंगररांगांतील कोरकू लोकांत त्यांनी कार्य आरंभिले. अचलपूर हे त्या वेळी वऱ्हाडातील एका जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते (१९०५ मध्ये तो जिल्हा अमरावती जिल्ह्यात विलीन झाला). शेजारी परतवाड्यास लष्करी छावणी होती आणि डोंगर उतरून येणाऱ्या आदिवासींची हीच बाजारपेठ होती. कोरकूंची भाषा ऑस्ट्रो-आशियाई कुलातील मुंडा गटाची असल्यामुळे मराठी वा हिंदी शिकून आलेल्या उपदेशकास ती नव्याने शिकावी लागे. टेलर यांचे स्वावलंबनाचे तत्त्व येथे कसोटीस लागले. मुंबईत नोकरदार यूरोपीय व अँग्लो-इंडियन कुटुंबे मंडळीचा भार उचलू शकत. मेळघाटातील गावांकडून तशी अपेक्षा करणे शक्य नव्हते.

नॉर्टन यांच्या संपर्कातून अर्नेस्ट वॉर्ड व फीबी वॉर्ड हे दांपत्य १८८१ मध्ये वऱ्हाड-खानदेशच्या परिसरात आले. हे दोघे फ्री मेथडिस्ट चर्चचे होते. बेंजामिन रॉबर्ट्‌स यांनी १८६० मध्ये न्यूयॉर्क राज्यातील पेकिन येथे हा पंथ स्थापन केला. त्या काळी अनेक अमेरिकन चर्चमध्ये पुढील बाके भाड्याने दिली जात. त्यामुळे श्रीमंत पुढे आणि गरीब मागे अशी विभागणी होई. बाके सर्वांना विनामूल्य असावीत व गुलामगिरीस चर्चने विरोध करावा, असे या पंथाचे म्हणणे होते. त्याच्या नावातील ‘फ्री’ या शब्दास हा संदर्भ आहे. माणसाची बैठक जातीनुसार ठरणाऱ्या समाजात या विचारास वेगळाच अर्थ प्राप्त झाला.

वॉर्ड यांच्या भ्रमंतीतील एक प्रसंग मराठी साहित्याच्या इतिहासातही नोंदला गेला आहे. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावकडे जाताना नारायण वामन टिळक यांची आगगाडीत एका मिशनऱ्याशी भेट झाली. त्याने त्यांना बायबलची प्रत दिली. हा सहप्रवासी म्हणजे अर्नेस्ट वॉर्ड होत, असे मानले जाते. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतला. मात्र पुढे त्यांचे कार्य अमेरिकन मराठी मिशनमध्ये झाले.

अचलपूर येथील क्षेत्र पुढे मेथडिस्टांकडे राहिले नाही. सु. १८९० पासून ‘कोरकू अँड सेंट्रल इंडियन हिल मिशन’ या स्वतंत्र संस्थेने ते सांभाळले. तिचे जॉन ड्रेक यांनी लिहिलेले कोरकू भाषेचे व्याकरण १९०३ मध्ये प्रसिद्ध झाले; या भाषेच्या अभ्यासातील तो महत्त्वाचा टप्पा होय. परतवाड्याजवळील कोठारा येथील कुष्ठरोग्यांच्या सेवेची परंपराही याच काळातील मिशनकार्याशी निगडित आहे. फ्री मेथडिस्टांनी १८९० नंतर यवतमाळ हे आपले केंद्र केले आणि दारव्हा, वणी, उमरी येथे उपकेंद्रे काढली.

१८९६-९७ व १८९९-१९०० या दुष्काळांनी मिशनांचे स्वरूप पालटले. अनाथ मुलांचा सांभाळ, अन्नवाटप व शाळा ही कामे उपदेशापेक्षा मोठी झाली आणि ती परदेशी निधीवाचून चालणे अशक्य ठरले. नॉर्टन यांनीही याच सुमारास दौंड येथे मुलांचे अनाथालय चालविले. ज्या चळवळीचा प्रारंभ स्वावलंबनाच्या आग्रहातून झाला, ती अशा रीतीने परदेशी मदतीवर अवलंबून राहिली. दुष्काळातील मदत आणि धर्मांतर यांच्या संबंधाविषयीचा आक्षेपही तेव्हापासून मिशनांमागे राहिला. स्वातंत्र्योत्तर काळात वऱ्हाड मध्य प्रदेश राज्यात असताना त्या शासनाने भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली १९५४ मध्ये चौकशी समिती नेमली. तिच्या १९५६ च्या अहवालाने मिशनांच्या कार्यपद्धतीवर व परदेशी निधीवर कठोर टीका केली. ख्रिस्ती संस्थांनी त्यातील निष्कर्ष अमान्य केले.

या काळात स्थानिक नेतृत्व घडविण्याची निकड वाढली. यवतमाळ येथे फ्री मेथडिस्टांनी १९३८ मध्ये धर्मशिक्षणाची शाळा काढली होती. फ्रँक क्लाइन यांच्या पुढाकाराने अनेक पंथ तीत सहभागी झाले आणि १९५३ मध्ये तिचे युनियन बिब्लिकल सेमिनरीत रूपांतर झाले. देशाच्या विविध भागांतील विद्यार्थी तेथे येत. १९८३ मध्ये ही संस्था पुण्यास बिबवेवाडी येथे हलविण्यात आली. उमरी येथील रुग्णालयाने ग्रामीण भागात वैद्यकीय सेवा दिली.

१९७० मध्ये नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट तीत सामील झाले. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट बाहेर राहिले व १९८१ मध्ये ते ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ या नावाने स्वायत्त झाले. फ्री मेथडिस्ट मंडळ्यांनी आपले वेगळेपण राखले. अचलपूरला रुजू न शकलेल्या या कार्याचे मोल अनुयायांच्या संख्येपेक्षा शिक्षण, रुग्णसेवा व धर्मशिक्षण यांतून उभ्या राहिलेल्या संस्थांत अधिक आहे. स्थानिक मंडळीने आपला भार आपण उचलावा, हा टेलर यांनी १८७१ मध्ये मांडलेला विचार मात्र या मंडळ्यांपुढे परदेशी मिशनरी परतल्यानंतर पुन्हा उभा राहिला.