गोल्फची एक फेरी म्हणजे नेमकं काय? आणि माळरानावर ती खेळायला पाणी किती लागतं?

मोबाइलवर गोल्फचा व्हिडिओ आला की हिरवंगार गवत, पांढरे बूट आणि बॅटरीवर चालणारी छोटी गाडी हमखास दिसते. दारव्ह्यात बसून तो बघणाऱ्याला दोन प्रश्न पडतात. हे लोक चार-चार तास नेमकं करतात काय? आणि एवढ्या गवताला पाणी येतं कुठून?

यवतमाळ जिल्ह्यात दुसरा प्रश्न गमतीने विचारलेला नसतो. इथला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि उरलेलं वर्ष साठवलेल्या पाण्यावर काढायचं असतं. म्हणून या लेखात आधी खेळ समजून घेऊ आणि मग पाण्याचा हिशेब मांडू.

फेरी म्हणजे काय?

लहानपणी गोट्या खेळताना जमिनीतल्या गलीत गोटी पोचवायची असायची. गोल्फमध्येही चेंडू काठीने मारत जमिनीतल्या भोकात घालायचा असतो. फरक अंतराचा आहे. ही 'गल' कधी शंभर-दीडशे मीटरवर असते, तर कधी पाचशे मीटरवर. भोकाची रुंदी ठरलेली, 108 मिलिमीटर. चेंडूचं वजन जास्तीत जास्त 45.93 ग्रॅम.

सुरुवातीच्या जागेपासून भोकापर्यंतच्या पूर्ण पट्ट्याला 'होल' म्हणतात. असे 18 होल ओळीने खेळले की एक फेरी झाली. अनेक छोट्या मैदानांवर 9 होल असतात, तिथे तेच दोनदा खेळतात. चार जणांच्या गटाला 18 होलांसाठी चार ते साडेचार तास लागतात आणि पायी गेलं तर आठ-दहा किलोमीटर चालणं होतं.

18 हा आकडा स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज इथून आला. तिथे एका फेरीत 22 होल खेळत. 1764 मध्ये काही छोटे होल एकत्र केले गेले आणि फेरी 18 ची झाली. पुढे जगाने तोच आकडा उचलला.

एक होल कसा खेळतात?

समजा, होल 350 मीटरचा आहे.

पहिला फटका 'टी' नावाच्या जागेवरून. चेंडू छोट्या खुंटीवर ठेवून लांब मारायचा. तो समोरच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यात, म्हणजे 'फेअरवे'वर पडला तर उत्तम. बाजूच्या उंच गवतात, म्हणजे 'रफ'मध्ये गेला तर पुढचा फटका कठीण. वाळूच्या खड्ड्यात, म्हणजे 'बंकर'मध्ये गेला तर आणखी कठीण.

दुसरा फटका भोकाच्या दिशेने. भोक असतं ती जागा म्हणजे 'ग्रीन'. तिथलं गवत अगदी बारीक कापलेलं असतं. ग्रीनवर चेंडू उचलून मारत नाहीत, 'पटर' नावाच्या काठीने हलकेच ढकलतात. जमिनीचा उतार कुठे आहे, हे वाचण्यात इथे खरं कसब.

एका फेरीत जास्तीत जास्त 14 काठ्या जवळ बाळगता येतात. नवख्याला पाच-सहा पुरतात.

गुण कसे मोजतात?

प्रत्येक होलसाठी फटक्यांचा एक अपेक्षित आकडा ठरलेला असतो, त्याला 'पार' म्हणतात. तो 3, 4 किंवा 5 असतो. 18 होलांचा मिळून बहुतेक वेळा 72 होतो.

- पारपेक्षा एक फटका कमी लागला तर बर्डी, दोन कमी लागले तर ईगल.
- एक जास्त लागला तर बोगी, दोन जास्त लागले तर डबल बोगी.
- पहिल्याच फटक्यात चेंडू भोकात गेला तर होल-इन-वन.

ज्याचे एकूण फटके कमी, तो जिंकला. नवखा खेळाडू शंभराच्या वर जाणं नेहमीचंच. कमी-जास्त ताकदीच्या खेळाडूंना एकत्र खेळता यावं म्हणून 'हँडिकॅप' असतो. नवख्याला ठरावीक फटक्यांची सूट मिळते. त्यामुळे वडील आणि मुलगा, शिकाऊ आणि सराईत, एकाच फेरीत बरोबरीने खेळू शकतात.

पंच कुठे असतो?

बहुतेक फेऱ्यांमध्ये नसतोच. आपले फटके आपण मोजायचे, चूक झाली तर दंड आपणच लावून घ्यायचा. झुडपामागे चेंडूला चुकून पाय लागला आणि कुणी पाहिलं नाही, तरी सांगायचं. या खेळाची सगळी इभ्रत या एका गोष्टीवर उभी आहे.

हरवलेल्या चेंडूचा नियम तर कसोटीच पाहतो. 2019 पासून शोधायला फक्त तीन मिनिटं मिळतात, आधी पाच मिळत. नाही सापडला तर एक दंड धरून पुन्हा आधीच्याच जागेवरून मारायचं. म्हणजे पहिला फटका हरवला, दुसरा दंडाचा, आणि आता मारता तो तिसरा. रोजच्या खेळात वेळ वाचावा म्हणून मैदानाला वेगळा स्थानिक नियम ठेवता येतो. त्यात दोन दंड घेऊन चेंडू हरवला त्या भागाजवळूनच पुढे खेळता येतं.

शेण, बिळं आणि भेगा

गावाकडच्या मैदानावर ज्या अडचणी येतील, त्यातल्या बऱ्याच नियमपुस्तकात आधीच आहेत.

- चेंडूजवळ शेण, दगड, काटक्या किंवा पालापाचोळा असेल तर दंड न लागता बाजूला करता येतो. मात्र तसं करताना चेंडू हलू द्यायचा नाही.
- चेंडू उंदराच्या किंवा इतर प्राण्याच्या बिळात गेला, तर बाहेर काढून जवळ टाकायची मुभा असते.
- थांबलेला चेंडू कुत्र्याने पळवला किंवा शेळीने हलवला, तर मूळ जागी ठेवायचा. दंड नाही.
- काळ्या मातीला उन्हाळ्यात पडतात तशा भेगांमधून आपोआप सूट मिळत नाही. मैदानाच्या समितीने तो भाग 'दुरुस्तीखालची जमीन' जाहीर केला तर मिळते.

हिरवळ हवीच का?

व्हिडिओतलं चित्र इथे फसवतं. गोल्फ स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या वालुकामय कुरणांत वाढला. गवत कापायचं यंत्र निघालं 1830 मध्ये. त्याआधी गवत आखूड ठेवायचं काम मेंढ्या आणि ससे करत. पाऊस पडेल तसं गवत हिरवं किंवा पिवळं व्हायचं आणि लोक त्यावर खेळायचे.

जिथे पाणी कमी, तिथे ग्रीनच्या जागी वाळूचा गोल करतात. भारतातल्या जुन्या मैदानांवर त्याला 'ब्राउन' म्हणत. खेळण्याआधी चेंडू ते भोक एवढी वाट ओढणीने सपाट करायची, की चेंडू सरळ घरंगळतो. अमेरिकेतल्या पाइनहर्स्ट नंबर 2 या नामांकित मैदानावरही 1935 पर्यंत वाळूचीच ग्रीन होती.

एक खबरदारी. वाळू उडू नये म्हणून पूर्वी तिच्यात वापरलेलं इंजिन तेल मिसळत. ते मातीत आणि विहिरीत मुरू शकतं. ही गोष्ट उचलू नये.

पाण्याचा हिशेब

18 होलांच्या मैदानाला साधारण 50 ते 60 हेक्टर जमीन लागते. सगळ्या जमिनीला पाणी देत नाहीत. समजा, 20 हेक्टर गवताला रोज 5 मिलिमीटर पाणी दिलं. एका हेक्टरवर 1 मिलिमीटर म्हणजे 10,000 लिटर. म्हणजे रोज 10 लाख लिटर.

जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी रोज 55 लिटर पाण्याचं प्रमाण धरलं आहे. त्या मापाने हे सुमारे 18,000 माणसांचं पाणी झालं.

आता फक्त ग्रीनना पाणी द्यायचं ठरवलं तर? एक ग्रीन 500 चौरस मीटरचं धरलं, तर 18 मिळून 9,000 चौरस मीटर. त्याच 5 मिलिमीटरने रोज 45,000 लिटर, म्हणजे सुमारे 820 माणसांचं. आणि ग्रीनऐवजी ब्राउन केले तर गवतासाठीचं पाणी जवळजवळ शून्य.

खेळ तोच, नियम तेच, भोकही तेवढंच. पाण्यातला फरक वीसपटींहून मोठा. म्हणजे एवढं पाणी पितं ते मैदान कसं दिसावं याबद्दलच्या आपल्या हौसेमुळे.

मैदानाच्या पाण्यावरून महाराष्ट्रात वाद झालेला आहे. 2016 च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले होते.

जमीन कुणाची?

पाण्याआधी जमिनीचा प्रश्न येतो. गोव्याच्या उत्तर टोकाला तेरेखोल हे छोटं गाव आहे. जमिनीने ते सिंधुदुर्गला जोडलेलं आहे, उरलेला गोवा नदीपलीकडे. तिथल्या काजूबागांच्या जमिनीवर गोल्फ रिसॉर्टचा प्रस्ताव आला आणि ग्रामस्थांनी कुळहक्काच्या आधारे विरोध केला. 2015 च्या सुमारास हा वाद न्यायालयात आणि हरित लवादापुढे गाजला. गोव्याच्या 1991 च्या जमीन वापर कायद्यानुसार कुळांकडे आलेली शेतजमीन शेतीखेरीज दुसऱ्या कामाला वापरता येत नाही.

विदर्भात हाच प्रश्न गायरानाचा होऊ शकतो. गुरं जिथे चरतात ती जमीन कागदावर 'पडीक' दिसते, पण गावासाठी ती पडीक नसते. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला राज्यांना सांगितलं, ते याचसाठी.

म्हणून कुठल्याही गावात गोल्फ मैदानाची घोषणा झाली, तर चार गोष्टी विचाराव्यात. जमीन आज कोण वापरतं? मे महिन्यात पाणी कुठून येणार? सांडपाणी शुद्ध करून वापरणार का? आणि गावातल्या मुलांना आत खेळता येणार का?

दारव्ह्याहून खेळायचं तर?

दारव्ह्यात गोल्फचं मैदान नाही. विदर्भात हा खेळ मुख्यतः नागपूर-कामठी भागात, सैन्यदलांच्या आवारात चालतो. तिथे प्रवेशाचे नियम असतात, आधी चौकशी करावी. सदस्य नसलेल्यांना शुल्क भरून खेळता येईल असं मैदान म्हणजे नवी मुंबईत खारघरच्या डोंगरपायथ्याशी सिडकोने उभारलेलं. पुण्याजवळ लवळे-बावधनच्या टेकड्यांवर ऑक्सफर्डचं मैदान आहे.

- कधी: नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी लवकर.
- काय घालावं: बहुतेक मैदानांवर कॉलरचा टी-शर्ट लागतो. जीन्स अनेक ठिकाणी चालत नाही.
- कसं वागावं: दुसरा मारत असताना हालचाल आणि बोलणं बंद. उखडलेली माती परत दाबायची, बंकरमधली पावलं दाताळ्याने पुसायची. मागचा गट वेगात असेल तर त्याला पुढे जाऊ द्यायचं.
- चेंडू कुणाच्या अंगावर जात असेल तर: जोरात 'फोर!' ओरडायचं. ऐकू आलं तर डोकं झाकून खाली वाकायचं.
- वीज कडाडली तर: खेळ तिथेच थांबवायचा. झाडाखाली थांबायचं नाही. पक्की इमारत किंवा बंद गाडी गाठायची.

खेळायला पैसे नसतील तर काय, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं एक उत्तर अली शेर यांनी दिलं. दिल्लीच्या मैदानावर ते कॅडी होते, म्हणजे इतरांच्या काठ्यांची पिशवी वाहत. 1991 मध्ये त्यांनी इंडियन ओपन जिंकली. ही स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू. खेळ त्यांनी उचलला, कारण मैदानाचं फाटक त्यांच्यासाठी निदान कामापुरतं तरी उघडं होतं.