युनिक्सचा परवाना : एका कलमाचा इतिहास

संगणकाची कार्यप्रणाली ‘विकत घेतली’ असे व्यवहारात बोलले जाते. वस्तुतः विकत घेतली जाते ती वापराची अनुज्ञा. परवान्यात जेवढे लिहिले असेल तेवढाच घेणाऱ्याचा अधिकार. शब्द पालटले की अधिकारही कसा पालटतो, हे युनिक्स या कार्यप्रणालीच्या इतिहासात विशेष स्पष्ट दिसते.

युनिक्सचा आरंभ १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. केन टॉमसन व डेनिस रिची हे तिचे प्रमुख कर्ते होत. प्रयोगशाळेचा संबंध एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीशी होता आणि १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीने त्या कंपनीस दळणवळणाबाहेरील व्यापाराची बंदी होती. साहजिकच विद्यापीठांना युनिक्स नाममात्र मोबदल्यात, मूळ संहितेसह मिळू लागली. ही उदारता हेतुपूर्वक नव्हती, हे ध्यानी घ्यावयास हवे.

सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील अध्यापक जॉन लायन्स यांनी तिच्या सहाव्या आवृत्तीच्या गाभ्याची सुमारे नऊ हजार ओळींची संहिता घेऊन विद्यार्थ्यांसाठी तीवर भाष्य लिहिले. ग्रंथ वाचावा, त्यावर भाष्य करावे, ही अध्यापनाची जुनीच रीत. परंतु १९७९ साली सातव्या आवृत्तीच्या परवान्यात संहिता वर्गात शिकविण्यास मनाई करणारे कलम आले. लायन्स यांचे भाष्य पुढे प्रतींच्या प्रतींतून गुपचूप वाचले गेले. ते उघडपणे प्रसिद्ध होण्यास १९९६ साल उजाडले. लायन्स १९९८ मध्ये निवर्तले.

याच मनाईमुळे आम्स्टरडॅमचे अँड्र्यू टॅनेनबाम यांनी अध्यापनासाठी स्वतंत्रपणे मिनिक्स रचली (१९८७). मिनिक्सवर अभ्यास केलेल्या लिनस टॉरव्हाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स प्रसिद्ध केली. प्रथम तिच्या वितरणाबद्दल पैसे घेण्यास मनाई होती. १९९२ मध्ये त्याने ती अट काढून रिचर्ड स्टॉलमन यांचा जीपीएल परवाना स्वीकारला. १९८९ मध्ये प्रथम निघालेल्या या परवान्यानुसार सुधारलेली प्रत दुसऱ्यास देणाऱ्याने तिची संहिताही त्याच अटींवर द्यावी लागते. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाने फुकट व मुक्त असे दोन्ही अर्थ निघतात, म्हणून स्टॉलमन यांना वारंवार खुलासा करावा लागला. मराठीत तो प्रश्न उद्भवत नाही.

बर्कली येथील बीएसडी परवाना याहून सैल. कर्त्याच्या हक्काची नोंद राखली व हमीच्या अभावाचे कलम कायम ठेवले, की संहिता बंदिस्त करून विकण्यासही आडकाठी नाही. तथापि १९९२ साली युनिक्सच्या तत्कालीन हक्कधारकांनी बीएसडीविरुद्ध दावा लावला. १९९४ मध्ये तडजोड झाली तेव्हा अठरा हजारांपैकी केवळ तीन फायली काढाव्या लागल्या. तोपर्यंत लिनक्सने आपला वाचकवर्ग मिळविला होता.