जॉबर : गाव आणि गिरणी यांमधील दुवा

मुंबईच्या कापडगिरण्यांत कामगारांची भरती, त्यांच्यावरील देखरेख आणि प्रसंगी त्यांची बडतर्फी ही कामे ज्याच्या हाती असत, त्या मध्यस्थास 'जॉबर' म्हणत. स्त्रिया काम करीत त्या खात्यांत हीच भूमिका 'नायकीण' पार पाडी.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतील पहिल्या कापडगिरणीसाठी कंपनी स्थापन केली. पुढे गिरण्या वाढल्या, तसा रत्नागिरी, सातारा या जिल्ह्यांतून मजुरांचा ओघ सुरू झाला. मालकाला मजुराची माहिती नव्हती आणि मजुराची मालकापर्यंत पोच नव्हती. ही पोकळी जॉबरने भरून काढली. तो बहुधा नातलग, गाववाले आणि जातभाई यांना कामावर लावी. नवागताला चाळीत जागा, खाणावळीत जेवण, वाण्याकडे उधारी मिळे, तीही पुष्कळदा त्याच्याच शब्दावर. मोबदल्यात 'दस्तुरी' द्यावी लागे. मात्र त्याची सत्ता निरंकुश नव्हती. हाताखालची माणसे दुरावली, की मालकाच्या लेखी त्याचे मोल उरत नसे. म्हणूनच संपाच्या काळात तो कधी मालकाच्या, तर कधी कामगारांच्या बाजूस दिसे.

१९२८ च्या सार्वत्रिक संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि कामगारांना गाऱ्हाणे मांडण्यास दुसरी वाट मिळाली. शाही कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबर पद्धतीतील लाचखोरीवर बोट ठेवले. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली नियंत्रण योजना आणली. रिकाम्या जागी कार्डधारक बदली कामगारांनाच घेण्याच्या या नियमाने जॉबरच्या भरतीच्या अधिकारास कात्री लागली.

मध्यस्थ बदलला, मध्यस्थी मात्र संपली नाही. मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६ अन्वये वाटाघाटींचा अधिकार एकाच प्रातिनिधिक संघटनेकडे गेला. गिरण्यांत हे स्थान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होते. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात वेतनवाढीबरोबरच ही मक्तेदारी मोडण्याचीही मागणी होती. दुव्याचे सामर्थ्य त्याच्या एकमेवपणात असते. पर्यायी वाट नसली, की आधार देणारा दुवाच अडसर ठरतो, हे गिरणगावाने दोनदा अनुभवले.