आकडा उतरला म्हणजे उष्णता उतरली?

डेस्कटॉपचा प्रोसेसर तापू लागला की सल्ला ठरलेला: मोठा कूलर घ्या, जमलं तर पाण्याचाच घ्या. पडद्यावरचा ९५ चा आकडा ७० वर आला की दुखणं गेलं, प्रोसेसरचं आयुष्य वाढलं. हा पूर्वपक्ष दुकानदार मांडतो आणि गिऱ्हाईकही मान डोलावतं. मला तो मान्य नाही.

कूलर उष्णता फक्त वाहून नेतो. प्रोसेसर २०० वॅट वीज खात असेल, तर २०० वॅट उष्णता खोलीत येणारच, कूलर हजाराचा असो की पंधरा हजारांचा. शिवाय खोलीतल्या हवेपेक्षा गार करणं यांतल्या कुठल्याच कूलरला जमत नाही. पाण्याच्याही नाही. माठातलं पाणी हवेपेक्षा गार होतं, कारण ते पाझरून त्याची वाफ होते. कूलरमधलं पाणी बंद नळ्यांतून फिरतं आणि रेडिएटरमधून त्याच हवेला उष्णता देऊन टाकतं. मे महिन्यात नागपुरातल्या खोलीत ३८ अंश असतील, तर मोजणी ३८ पासूनच सुरू होते.

आता ९५ अंशांची धास्ती. २०२२ साली आलेल्या एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले वरचे प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जावेत अशाच बेताने घडवले आहेत. जास्त चांगला कूलर लावला, तर ते पुष्कळदा ९५ वरच राहतात आणि मिळालेली सवलत वेग वाढवण्यात खर्च करतात. ७९५०एक्स २३० वॅटपर्यंत वीज ओढतो, आणि त्यातली बरीचशी उष्णता नखापेक्षा लहान अशा सिलिकॉनच्या दोन तुकड्यांतून बाहेर पडते. तिथून धातूच्या झाकणापर्यंतची अरुंद वाट कूलर बदलून रुंद होत नाही. बायोसमध्ये इको मोड निवडून मर्यादा ८८ वॅटवर आणा; आकडा झपाट्याने उतरतो, वेग मात्र त्या प्रमाणात घटत नाही. खर्च शून्य.

यावर आक्षेप येईल: उष्णतेने चिप झिजते, हे खोटं का? खोटं नाही. पण व्होल्टेजनेही झिजते. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे प्रोसेसर बिघडू लागले, तेव्हा २०२४ मध्ये कंपनीने दिलेला मायक्रोकोड व्होल्टेज आवरणारा होता.

माझ्या भाच्याला दुकानात पाण्याचा कूलर घ्यायला सांगितलं होतं. भाराखाली ९८ अंश दिसत होते. मी कॅबिनेट उघडलं. पंख्याच्या चार खिट्यांपैकी एक मदरबोर्डात पुरती बसलेलीच नव्हती. कूलर उचलला, तर अर्ध्या झाकणावर पेस्ट दाबून पातळ पसरलेली, आणि उरलेल्या बाजूला कंपनीतून आलेल्या करड्या पट्ट्या जशाच्या तशा. पुसून नवी पेस्ट लावली, समोरासमोरच्या खिट्या टक् असा आवाज येईपर्यंत दाबल्या. ७६.

मोठ्या कूलरची गरज कुणालाच नाही, असं मी म्हणत नाही. तासन्‌तास रेंडरिंग करताना वेग मूळ वेगाच्याही खाली येत असेल, किंवा पंख्याची घरघर असह्य होत असेल, तर तो जरूर घ्यावा. पण मागवण्याआधी जाळीवरची धूळ झटका, कॅबिनेटचं झाकण काढा, आणि त्या चार खिट्या एकदा बोटाने दाबून पाहा.