पाटणचा मठ आणि शनीची साडेसाती

जळगाव-धुळ्याकडे शनिवारी शनीला किंवा मारुतीला तेल घालण्याची प्रथा आपल्या परिचयाची आहे. चाळीसगाव आणि नांदगाव यांच्या दरम्यान नस्तनपूरला शनीचे प्रसिद्ध देवस्थान आहे. त्याच चाळीसगावच्या नैर्ऋत्येला, डोंगराच्या कुशीत पाटण आहे. तेथील देवीच्या मंदिरातील शिलालेखातही तेलाच्या दानाची नोंद आहे. पण ते तेल वेगळ्या कारणासाठी दिले होते.

हा लेख १२०७ सालचा. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली तो विद्वानांपुढे आणला. सिद्धांतशिरोमणीकर्ते भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी मुख्य ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून त्याने पाटणला मठ काढला आणि निकुंभवंशीय सोइदेवाने श्रावण पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी, मठाला दान दिले. लेखाचा शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत आहे. बाजारातील कराचा काही वाटा मठाला मिळावा आणि चालणाऱ्या प्रत्येक घाण्यामागे एक पळी तेल मिळावे, असे त्यात म्हटले आहे. एका गावाने आपल्या घाण्यांतून चालवलेली ही गणिताची शाळा होती!

या शाळेत शनीविषयी काय शिकवत असतील? भास्कराचार्यांनी १১५० साली, वयाच्या ३६ व्या वर्षी लिहिलेल्या ग्रंथात ब्रह्मगुप्ताचे आकडे स्वीकारले आहेत. त्यांनुसार ४३२ कोटी वर्षांच्या एका कल्पात शनी १४ कोटी ६५ लाख ६७ हजार २९८ फेऱ्या करतो. भागाकार करून पाहा. एका फेरीला सुमारे १०,७६६ दिवस लागतात. आजचा आकडा १०,७५९ दिवस आहे. साडेएकोणतीस वर्षांत फरक अवघा ७ दिवसांचा!

साडेसातीही याच गणितातून येते. बारा राशींतून फिरायला साडेएकोणतीस वर्षे, म्हणून एका राशीला सुमारे अडीच वर्षे. आपली जन्मरास, तिच्या आधीची आणि नंतरची अशा तीन राशी ओलांडायला सुमारे साडेसात वर्षे लागतात. शनैश्चर म्हणजे हळू चालणारा. पीडा लांबते ती ग्रहाच्या रागामुळे नव्हे, त्याच्या मंद गतीमुळे.

येथवर सारे मोजता येते. पुढे फलिताचा प्रांत सुरू होतो. चांगदेव स्वतः राजज्योतिषी होता. त्या काळी गणित आणि फलित एकाच घरात नांदत होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु दोघांची वाटचाल सारखी झाली नाही. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० साली ग्रहलाघव रचला. आकाशातील ग्रहांशी गणित जुळावे म्हणून त्यांनी आर्यपक्षाच्या शनीत ५ अंश मिळवले. एवढे अंतर कापायला शनीला जवळजवळ पाच महिने लागतात. म्हणजे जुन्या गणिताने साडेसाती पाच महिने उशिरा सुरू होई आणि तितकीच उशिरा संपे. ही चूक आकाशाकडे पाहून दुरुस्त झाली. साडेसातीच्या फळांत मात्र अशी दुरुस्ती कोणी केली?

फलिताची परीक्षा घेता येते. प्रा. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी हुशार व मतिमंद अशा २०० मुलांच्या कुंडल्या जमवल्या. २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या देऊन कोणती कोणाची ते विचारले. सरासरी ४६ टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडवले असते तरी निम्मी बरोबर आली असती.

वर्गात एक साधे गणित घालावे. चंद्र प्रत्येक राशीत सुमारे सव्वादोन दिवस असतो, त्यामुळे जन्मराशी साधारण सारख्या वाटल्या जातात. बारांपैकी तीन राशींना साडेसाती असते. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात सुमारे दहा जणांना ती केव्हाही असणारच. मग ते दहा जण खरोखर मागे पडतात का? उरलेल्या तिसांना अडचणी येत नाहीत का?

काही जण म्हणतात, "शनी वाईट नाही, तो गुरू आहे, धीर आणि कष्ट शिकवतो." धीर आणि कष्ट यांचे मोल कोण नाकारील? साडेसात वर्षांच्या काळात आजार, अपयश, ताटातूट यांपैकी काहीतरी बहुतेकांच्या वाट्याला येते आणि त्यातून माणूस शिकतोही. पण ते शिकणे त्या माणसाचे आहे. त्याचे श्रेय शनीला दिले की अपयशाचे कारणही शनीकडेच जाते. दहावीत गणितात नापास झालेल्या मुलीला "साडेसाती आहे" असे सांगितले, तर तिला अपूर्णांक कळले नव्हते हे कोण शोधणार? तिला साडेसाती संपण्याची वाट पाहावी लागू नये, हे आपल्या हाती आहे.

पाटणच्या घाण्यांचे तेल मठाला जात होते, आणि त्या मठात शनीची गती शिकवणारे ग्रंथ वाचले जात होते. सहल काढाल तेव्हा मुलांना तो लेख अवश्य दाखवा, आणि त्यातील एक पळी तेलाची गोष्टही सांगा.