किर्लोस्करवाडी : कायद्याच्या १०३ वर्षे आधी

१/ मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चावेत, हे बंधन २०१३च्या कंपनी कायद्याने घातले. संयुक्त राष्ट्रांनी १७ शाश्वत विकास उद्दिष्टे स्वीकारली २०१५ साली. तासगावच्या परिसरात मात्र ही कथा १९१०मध्येच सुरू होते.

२/ बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ दिला. निवडुंगाच्या त्या रानात लोखंडी नांगरांचा कारखाना उभा राहिला, भोवती कामगारांची वसाहत वसली.

३/ शिक्षा भोगून आलेल्यांना तेथे रात्रपहाऱ्याचे काम मिळाले. अस्पृश्यतेला थारा नव्हता.

४/ सन्मानाचे काम हे आज आठवे उद्दिष्ट आहे, विषमता घटवणे दहावे, राहण्याजोगी वस्ती अकरावे. पण केवळ कर्मचाऱ्यांच्या हिताचा खर्च कायदा सामाजिक दायित्वात धरत नाही. म्हणजे कामगार वसाहतीचा खर्च त्या २ टक्क्यांत मोजलाच गेला नसता!

५/ म्हणून प्रश्न दोन विचारावेत. नफ्यातून समाजाला किती दिले? आणि तो नफा मिळवताना माणसांना कसे वागवले? पहिल्याचा हिशेब कायदा मागतो, दुसऱ्याचा इतिहास.